रिकामा हिसका

दुपारच्या सुट्टीत दुकानातली होनोका फोनवरून मोठ्याने वाचायला लागली आणि चिगुसाच्या उजव्या हाताची तर्जनी टेबलावरून आपोआप उचलली गेली. फार नाही, पेरभर. वर गेली, क्षणभर थांबली, पुन्हा खाली आली. चिगुसाने घास तोंडात तसाच धरून त्या बोटाकडे पाहिलं. बोट आपलंच होतं, नखाशेजारी कागदाने कापल्याची जुनी खूण होती, पण उचललं ते तिने नव्हतं. दुसऱ्याच्या घरी आपल्या पोराने न विचारता खाऊच्या डब्यात हात घालावा आणि आपण खिडकीबाहेर बघावं, तसं तिने दुसरीकडे बघितलं. होनोकाचं वाचन चालूच होतं. "बर्फावरची मासेमारी, नवख्यांसाठी सूचना. पायमोजे दोन जोड घाला. तंबूत शेगडी पेटवलीत तर वरची झडप उघडी ठेवा. भोकाभोवती धपधप चालू नका. आणि हे ऐका, मासा लागल्याचं कळलं नाही तरी अधूनमधून गळाची काडी हलकेच उचलून बघा." तिने फोन खाली ठेवला. "आता ह्याला काय अर्थ आहे, चिगुसाताई? काही लागलंय असं वाटतच नाही, तर उचलायचं कशाला?"

"लागलेलं असतं," चिगुसा म्हणाली. "कळत नाही एवढंच."

"म्हणजे तुम्हाला येतं हे? इतके दिवस शेजारी उभी राहते मी तुमच्या, कधी बोलला नाहीत ते."

"वडिलांचा धंदा आहे. अबाशिरीला, तलावावर. तंबू भाड्याने देतात."

"मग त्यांनाच विचारते की. आम्ही चौघं जायचं म्हणतोय. तुमच्या ओळखीने जरा मासे असलेली जागा देतील."

"सध्या भाऊ बघतो सगळं," चिगुसा म्हणाली आणि तिने डब्याला झाकण लावलं.

सापोरोच्या त्या मोठ्या दुकानाच्या तळघरात, गोड खाऊच्या विभागात, खोकी कागदात बांधून देणं हे तिचं काम होतं. खोकं कागदावर तिरकं ठेवायचं, एक कोपरा वर, दुसरा कोपरा आत, खोकं लोळवायचं, शेवटची घडी अशी बसवायची की चिकटपट्टी एकच लागावी. हात हे सगळं करत आणि ती त्यांच्या मागे उभी असे. गिऱ्हाइकांना ते फार आवडे. त्या दुपारीही हात नेहमीसारखेच चालले, फक्त तिचं लक्ष तर्जनीवर होतं, पुन्हा काही करते का म्हणून. केलं नाही. सकाळी भावाचा, तोमोहारुचा फोन आला होता. बाबा शरद ऋतूत तंबू शिवता शिवता कोसळले, तेव्हापासून इस्पितळात होते. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. नाकातून घातलेली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवली तर असेच कितीही काळ राहतील. नाही बसवली तर हळूहळू विझतील, त्रास होऊ देणार नाही. सोमवारी काय ते सांगा. "तू मोठी आहेस, ताई," तोमोहारु म्हणाला होता, "तू ठरव." आणि फोनवर त्याच्या मागून गिरमिटाची घरघर ऐकू येत होती, बर्फात भोकं पाडण्याची. तिला काहीच वाटलं नाही. आपल्याला काहीच वाटत नाही ह्याचंही तिला फारसं वाटलं नाही. सुरुवातीला तिने स्वतःला चिमटे काढून पाहिले होते, एकटं असताना जुने फोटो काढून बसली होती, खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या कुत्र्यासाठी रडल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली होती, जणू रडणं कसं करतात ते त्या शिकवणार होत्या. मग तिने तो नाद सोडला. माणूस काही न वाटता जगू शकतो, कामावर जाऊ शकतो, मुळा किसू शकतो. फक्त त्याने हो किंवा नाही म्हणू नये. हो-नाही म्हणायला आत कुठेतरी एखादी गोष्ट इकडे किंवा तिकडे झुकावी लागते, आणि तिच्या आत सगळं सपाट होतं.

शनिवारी ती अबाशिरीच्या गाडीत बसली. खिडकीबाहेर बर्फ, शेतं, बर्फ, मध्येच एखादं लाल छपराचं कोठार. काचेवर डोकं टेकलं की दातांत गाडी वाजे. बाबांचं भाषण तिला पाठ होतं. रोज सकाळी बर्फावर गिऱ्हाइकांना गोल उभं करून ते एकच भाषण देत, त्याच जागी खोकत, त्याच जागी लोक हसत. तोक्योची लग्न झालेली जोडपी, शाळेचे मास्तर, एकदा तर अख्खं अग्निशमन दल. 'तुम्हाला वाटतं,' बाबा म्हणत, 'मासा ओढ देईल, मग मी उचलीन. वाकासागी मासा तो, बोटभर. त्याची ओढ ती काय? त्यात एवढ्या थंडीत तोही अर्धा झोपलेला. अळी तोंडात धरतो आणि नुसता उभा राहतो. तुम्ही त्याची वाट बघता, तो तुमची वाट बघतो. दोघंही शहाणे.' इथे लोक हसत. 'म्हणून मध्येमध्ये रिकामा हिसका द्यायचा. काही वाटत नाही? नको वाटू दे. तरी द्यायचा. वाटण्याच्या भरवशावर बसलात तर उपाशी घरी जाल.' पोरांच्या हाती ते काडी देतच नसत, दोरा थेट तर्जनीवर टाकत, म्हणत की बोटासारखी काडी कुठल्या दुकानात मिळत नाही. चिगुसा तशीच शिकली होती. उचल, थांब, सोड. उचल, थांब, सोड. शाळेत बाकाखाली, देवळात, जेवताना. आई म्हणायची, ह्या पोरीचं बोट एक दिवस निसटून तलावात जाईल.

आणि थांबणं कधी, तेही फक्त बाबांनाच कळायचं. मासळीचा थवा खालून निघून गेला की ते एक हिसका देत, थांबत. दुसरा देत, थांबत. तिसरा देत. मग दोरा गुंडाळायला लागत. काडीला दोन खुंट्या असायच्या त्यासाठीच, पण त्या गिऱ्हाइकांसाठी. ते स्वतः अंगठा आणि करंगळी फाकवून त्यावर आठाच्या आकड्यासारखा दोरा घेत, सावकाश, गाठ म्हणून पडू न देता, आणि म्हणत, 'चला. मासे घरी गेले.' शेजारच्या तंबूत कुणी ओरडलं की काका, आत्ता एक लागला, तरी पुन्हा दोरा सोडत नसत. एकदा बोटांवर चढलेला दोरा त्या दिवशी परत पाण्यात जात नसे. त्यांच्या हट्टापुढे कुणाचं काही चालायचं नाही. आईचंही नाही. आई गेली तीही हिवाळ्यातच, घरीच, दुपारची. बाबा बर्फावरून आले, त्यांनी मोरीत हात धुतले, तिच्या उशाशी बसले. मग त्यांनी तिचं मनगट दोन बोटांत धरून जरासं उचललं, थांबले, खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा. मग उठून म्हणाले, 'चला, पाणी तापवायला ठेवा.' चिगुसा दारात उभी होती, सापोरोहून नुकतीच पोचलेली, अंगात अजून कोट. तिला वाटलं, ह्या माणसाला आई आणि मासा एकच. धुतलेल्या हातांनाही अळ्यांचा वास येत होता. ती भांडली नाही. भांडायचं तर तेवढं वाटावं लागतं, आणि बहुतेक त्याच दारात उभं असताना तिच्या आतलं पाणी वरून गोठायला लागलं. तिने नुसतं येणं कमी केलं. नव्या वर्षाला खोकं पाठवायची, सुरेख बांधलेलं.

स्टेशनवर तोमोहारु बाबांचा कोट घालून उभा होता. क्षणभर लांबून बाबाच, जवळ आल्यावर मात्र गाल त्याचे.

"वाळलीस," तो म्हणाला.

"तू सुटलास."

"साएको तळते, मी खातो. बायकोने केलेलं गिऱ्हाइकांच्या ताटात उरलं तर टाकवत नाही." त्याने तिची पिशवी मागच्या सीटवर टाकली, गळाच्या शिशाच्या डब्यांवर. गाडीत बाबांचा वास होता, रॉकेल आणि ओली लोकर. गाडी रस्त्याला लावून तो म्हणाला, "सोमवारी सकाळी विचारतील."

"तुझं काय म्हणणं?"

"नळी बसवावी, दुसरं काय. माणसाला उपाशी कसं ठेवायचं? ज्याने जन्मभर लोकांना मासे तळून घातले, त्याला?" त्याने काच पुसली. "पण तू नको म्हणालीस तर मी मध्ये येणार नाही. रोज जाऊन बसतो मी तिथे, ताई. बघवत नाही. पण 'नको' हे माझ्या तोंडून नाही निघायचं."

"आणि माझ्या तोंडून निघेल?"

"तुझ्या तोंडून निघू शकेल," तो म्हणाला. टोमणा नव्हता. उंच फळीवरचा डबा तुझ्या हाताला येईल असं म्हणावं तसं तो म्हणाला होता, आणि ते खरंही असावं असं तिला वाटलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू रडलीस का गं, एकदा तरी?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

रविवारी इस्पितळात भेटायची वेळ दुपारची होती आणि तोमोहारुची गिऱ्हाइकं सकाळची, म्हणून तीही त्याच्याबरोबर बर्फावर गेली. ओसाकाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं, दोघांच्या टोप्या सारख्या. तोमोहारुने त्यांना गोल उभं केलं, दोघांचा काय गोल व्हायचा, आणि भाषण सुरू केलं. चिगुसा शेगडीला हात धरून ऐकत होती. शब्द तेच. मासा तोच, अर्धा झोपलेला. ठराविक जागी तोमोहारु खोकलासुद्धा. त्याला खोकला झालेला नव्हता. "वाटण्याच्या भरवशावर बसलात तर उपाशी घरी जाल," तो म्हणाला, आणि उपाशी ह्या शब्दावर त्याचा आवाज जरा घसरला, पण म्हातारी हसली आणि नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, "ऐकलं का, तुम्हालाच सांगतायत. चाळीस वर्षं 'मला कळलंच नाही' म्हणता."

तिला त्याने कडेच्या लहान तंबूत बसवलं. बाबांची काडी दिली, वेळूची, दोन खुंट्यांची, मुठीशी काळी पडलेली. भोक त्याने आधीच पाडून ठेवलं होतं. झाऱ्याने वरचा बर्फाचा चुरा काढला की खाली पाणी काळं दिसे, फार स्वच्छ काळं. दोरा सोडला, शिसं तळाला टेकल्याचं कळलं, हातभर वर घेतला. मग काही नाही. तिने भोकाकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं की बाबांच्या पोटालाही असंच पाडतील, एवढंच गोल, आणि झाऱ्यासारखं काहीतरी असेल त्यांच्याकडेही. हे मनात आल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, मग आहेत हे फक्त दिसू लागलं. बाहेर तेलात मासे पडल्याचा आवाज, साएकोचं बोलणं, कुणीतरी घसरून हसलं. ती बसून राहिली. हे तिला छान जमायचं. कदाचित बाबाही असेच बसले असतील आत कुठेतरी, एका भोकाशेजारी, आणि वरून कुणी काही बोललं तर ते फक्त घरघर म्हणून पोचत असेल. कदाचित आत कुणीच नसेल, तंबू नुसता. दोन्हींतलं काय बरं, हेही तिला ठरवता येईना. काडीचं टोक सरळ होतं, जराही हललं नव्हतं.

तंबूच्या कापडावर तोमोहारुची सावली पडली. "उचललीस का मध्ये?"

"काही लागलं नाही."

"कोण म्हणतं?"

तिने काडीच्या टोकाकडे पाहिलं.

"ताई, उचलून तर बघ."

तिने उचलली. वजन असं नव्हतंच, पण दोरा वर घेता घेता गळाच्या आकड्यांच्या रांगेला एकाखाली एक तीन मासे लटकत आले, काचेसारखे, आतला काटासुद्धा दिसावा असे. वरचे दोघे हवेत येताच तडफडले. तिसरा केव्हाचाच मेलेला होता, पाण्यातच, ताठ झालेला. म्हणजे सगळा वेळ ते तिथे होते. ती बसली होती आणि तेही होते, तिच्या बोटाला बांधलेले म्हणा ना, आणि तिने मन लावून काहीही न वाटू देता त्यांच्याबरोबर सकाळ काढली होती. मेलेला मासा तिने आकड्यावरून सोडवला आणि तळहातावर धरून ठेवला. वाईट वाटलं म्हणून नव्हे. तो केव्हा लागला असेल, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मग तिने दोरा खुंट्यांवर गुंडाळला, काडी कोटाच्या खिशात टाकली आणि तोमोहारुला म्हणाली, चल.

इस्पितळात तोमोहारु खालीच थांबला, गरम चहाचे डबे घेऊन येतो म्हणाला, पण त्याला वर यायला जरा वेळ हवा होता हे तिला दिसलं. खोलीत ऊन होतं. बाबा खिडकीकडे तोंड करून निजले होते, म्हणजे कुणीतरी त्यांना तसं निजवलं होतं. नाकातली नळी गालावर चिकटवलेली. एवढे लहान कधी झाले? "बाबा," ती म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, कारण हातात खोकं नव्हतं. तिने खिशातून काडी काढली, आकडे तोडून कागदात गुंडाळले, दोरा सोडवला. टोक त्यांच्या उजव्या तर्जनीवर टाकलं, पोरांना टाकत तसं, दोन वेढे. दुसरं टोक आपल्या तर्जनीला घेतलं आणि पायथ्याशी खुर्ची ओढून बसली. नर्स आली असती तर काय सांगितलं असतं? ती आली नाही. ऊन चादरीवरून सरकत होतं.

बाबांचं बोट उचललं गेलं. तिच्या बोटाला काही कळलं नाही, दोरा सैल होता. तिने ते फक्त पाहिलं. पेरभर वर, थांबलं, खाली. ती हलली नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा. वर, थांब, खाली. आहेत, तिच्या मनात आलं, अगदी थंडपणे आलं. आहेत आत. म्हणजे नळी बसवायची, तोमोहारुचं खरं, संपलं. इतकं सोपं होतं तर. ती उठणार होती त्याला सांगायला. तेवढ्यात तिसऱ्यांदा बोट उचललं गेलं, थांबलं, आणि खाली आलं नाही. अंगठा हलला. करंगळी, जी केव्हाची मुडपून पडली होती, ती सावकाश, एखादं जुनं दार उघडावं तशी, बाजूला झाली. दोरा अंगठ्याला लागला, निसटला. पुन्हा लागला. मनगट जरासं वळलं, दोरा करंगळीवर गेला, परत अंगठ्यावर आला. चादरीवर पडलेला सैल दोरा सरकू लागला. डॉक्टर म्हणतील, हाताची सवय आहे ही. असेल. सवयीपलीकडे माणसात आणखी काय उरतं, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं. आईचं मनगट त्या दोन बोटांत होतं. एकदा, दोनदा, तीनदा. ते विचारत होते. दुसरी विचारायची पद्धत त्यांना येत नव्हती, आणि ती दारात कोट घालून उभी राहून अळ्यांचा वास घेत होती.

सैल दोरा संपला तेव्हा तिचं बोट ओढलं गेलं. तिने सोडलं नाही. खुर्चीवरून पुढे वाकली, मग गादीच्या कडेला बसली, मग तिचा हात त्या हाताजवळ जात जात त्याला टेकला, आणि तरीही मनगट वळायचं थांबलं नाही, उरलेला बोटभर दोराही घेतला. तर्जनीचं टोक पांढरं पडलं, मग निळसर. दोरा बारीक असतो, पाण्यात दिसू नये म्हणून. तो कातडीत शिरला. दुखलं. दुखतंय, तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं. मग ते बोटातून वर चढलं, कोपरात, खांद्यात, घशात, आणि तिने तोंड उघडलं तर त्यातून आवाज आला तो ओळखीचा नव्हता.

तोमोहारु दारात उभा होता, दोन्ही हातांत चहाचे डबे. किती वेळ कोण जाणे. तो जवळ आला, डबे खिडकीत ठेवले, वाकून बाबांच्या हाताकडे पाहिलं.

"कुणी गुंडाळलं?"

"त्यांनीच."

तो पाहतच राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. "नीट आठाचं आहे," तो म्हणाला. "तुला नाहीच जमायचं असं. तू नेहमी उलटं गुंडाळायचीस." त्याने खुर्चीत बसून टोपी गुडघ्यावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. "म्हणजे, ताई."

"हो," ती म्हणाली. "उद्या मी सांगते त्यांना. नळी नको."

तोमोहारुने मान हलवली. मग जणू बर्फावर उभा राहून कुणाला तरी लांबवर ऐकू जावं असं त्याने म्हणायला घेतलं, "चला," आणि पुढचं त्याच्याने म्हणवलं नाही. त्याने नाक पुसलं, खिशातून छोटी कात्री काढली, आकडे तोडायची, आणि तिचं निळं पडलेलं बोट आपल्याकडे वळवलं. "कापलंय. थांब, सोडवतो."

"राहू दे जरा," चिगुसा म्हणाली. "अजून दुखतंय."